उलट्या पिसांचा झिपऱ्या

आमच्या घरी दोन मांजरं, एक कुत्रा, एक शेळी, पाच-सहा कोंबड्या, एक सासू आणि एक नवरा एवढं गोकुळ नांदतं. यांतलं कुणीही माझं ऐकत नाही. शेळी तेवढी हाक मारली की मान वर करते, पण तोंडात धरलेला माझा गाऊन सोडत नाही. कुत्र्याचं नाव आम्ही पोलीस ठेवलंय. चोरी होऊन गेली की तो येतो आणि सगळ्यांचा वास घेतो.

मांजरांतली मोठी सुरमई. रंगानं करडी आणि स्वभावानं माझ्या सासूसारखी, म्हणजे जागेवरून हलायचं नाही पण घरात काय चाललंय ते सगळं माहीत असायचं. दुसरा बांगडा. तो बोका आहे, दिवसभर पत्र्यावर पडलेला असतो आणि वाडीतल्या निम्म्या पिल्लांचं तोंड त्याच्यासारखं आहे. त्याबद्दल त्याला कधी कुणी विचारलेलं नाही.

आणि मग झिपऱ्या.

झिपऱ्या माझी चुलत जाऊ केसर हिच्या कोंबडीखाली निघाला. पिसं फुटायला लागली तेव्हा ती उलटी निघाली. अंगालगत बसायची सोडून बाहेर वळलेली, जणू वादळात उलटा चालत आलाय. भावंडांनी त्याला टोचून टोचून रक्तबंबाळ केलं. केसरनं त्याला कालवणात घातला असता, पण त्याच्या अंगावर एका चमच्याएवढंही मांस नव्हतं. म्हणून मोठ्या मनानं तिनं तो मला दिला.

त्या दिवसांत सुरमई आमच्या आंब्याच्या पेटीत व्यालेली होती. मी पिल्लाला तिच्यापासून लांब, फळीवर टोपलीत ठेवलं. सकाळी बघते तर टोपली रिकामी. पेटीत डोकावले तर मांजराची तीन पिल्लं सुरमईच्या पोटाशी, आणि चौथा हा. तिनं त्याला चाटून चाटून ओलाचिंब केला होता. त्याला दूध काही मिळालं नाही, पण ऊब मिळाली आणि सगळे चुकीचे संस्कार मिळाले.

मांजराची पिल्लं मोठी होऊन इकडेतिकडे गेली. हा राहिला. कोंबड्यांत त्याला सोडून बघितला, तर कोंबड्या त्याच्याकडे बघून बाजूला सरकल्या आणि तोही त्यांच्याकडे बघून बाजूला सरकला. दाणे टाकले तर हा ढुंकून बघायचा नाही. याला मांजरांच्या ताटलीतला कालवण-भात हवा, वर सुका जवळा कुस्करून. मुरुडहून कोळीण मासळी घेऊन येते, तिची हाक फाट्यावर ऐकू आली की दारात रांग लागते. पुढं सुरमई, मग बांगडा, मग झिपऱ्या. कोळीण म्हणते, "वयनी, तुजा कोंबरा बाटलाय." एकदा त्यानं उंदीर मारला आणि तो सुरमईपुढं नेऊन ठेवला. मी स्वतः बघितलंय, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

आरवायचा मात्र. अकरा वाजता. मांजरं उशिरा उठतात, त्याला हा तरी काय करणार.

माझा नवरा कुलदीप मुरुडच्या लॉजना पाण्याचे कॅन पोचवतो, त्याचा स्वतःचा टेम्पो आहे. झिपऱ्याची आणि त्याची जुनी दुश्मनी. कारण झिपऱ्याला घाण करायला हेल्मेटच लागतं. ते खुंटीला टांगा, कपाटावर ठेवा, हा शोधून काढतो. कुलदीप त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो आणि संध्याकाळी लॉजच्या स्वयंपाक्याकडून कोलंबीची डोकी मागून आणतो. विचारलं तर म्हणतो, मांजरांसाठी आणली. मांजरांच्या आधी ती कुणापुढं टाकतो ते मी खिडकीतून बघत असते.

तर असं सगळं सुखात चाललं होतं, आणि भात झोडून झाल्यावर एक दिवस भागोजीकाका आले.

भागोजीकाका आमच्या भाऊकीतले सगळ्यांत थोरले. माळावर म्हातारबा म्हणून आमचा राखणदार देव आहे, त्याची पूजाअर्चा त्यांच्याकडे. म्हातारबा म्हणजे ऐनाच्या झाडाखाली शेंदूर फासलेला एक दगड. दरवर्षी पीक घरात आलं की भाऊकीतले पुरुष माळावर जाऊन त्याला कोंबड्याची राखण देतात, तिथंच शिजवतात, तिथंच खातात आणि बायकांना घरी येऊन सांगतात की मसाला कमी पडला. त्या बदल्यात म्हातारबा वर्षभर शेतं, गुरं आणि माणसं सांभाळतो. रानडुकरं बहुतेक त्याच्या हद्दीत येत नसावीत, कारण निम्मं भात दरवर्षी तीच खातात.

काकांनी पाणी घेतलं, पानाची पिशवी काढली आणि म्हणाले, "सुचे, येत्या मंगळवारी राखण हाय. औंदा तुमच्या घरचा नवस फेडायचा. ध्यानात हाय ना?"

"कसला नवस, काका?"

"उलट्या पिसांचा कोंबडा."

झिपऱ्या तेव्हा सोफ्यावर सुरमईच्या पोटाला टेकून झोपला होता. काकांची नजर त्याच्यावर गेली आणि त्यांनी हात जोडले. "देवाची करणी बघ. जे मागितलान ते घरातच पैदा केलान!"

आमच्याकडे उलट्या पिसांच्या कोंबड्याला फार मान. मोठं संकट टळलं, तर देवाला असला कोंबडा देतात. सहजी मिळत नाही, म्हणून देवाला आवडतो म्हणे. मला मात्र एवढंच ऐकू आलं की माझ्या सोफ्यावरचा कोंबडा कुणीतरी मला न विचारता परस्पर देऊन टाकलाय. आणि असलं काम या घरात कोण करणार, हे सांगायला मला देव नको होता.

मी तावातावानं मागच्या पडवीत गेले. माझी सासू बायजा भिजवलेले वाल सोलत बसली होती. मी तोंडाला येईल ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं, एक डाळिंबी सोलून भांड्यात टाकली आणि म्हणाली, "माझ्यावर कशाला खेकसतेस? मी गावदेवीला नारळ बोललेले, तो कवाच फोडला. कोंबडा तुझ्या घोवानं बोललाय."

कुलदीपनं! भाऊकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'अंधश्रद्धा सोडा, विज्ञान स्वीकारा' असे मेसेज पाठवणारा माणूस. आईनं दृष्ट काढली तर मोबाइलवर तिचा व्हिडिओ करून हसणारा माणूस. संध्याकाळी तो कोलंबीची डोकी घेऊन आला, तेव्हा मी दारातच उभी होते.

"म्हातारबाला काय बोललाव तुम्ही?"

झिपऱ्या त्याच्या पायात घोटाळायला लागला, तशी त्यानं डोक्यांची पिशवी वर उचलली.

गेल्या वर्षी भरपावसात मला डेंगी झाला होता. अलिबागला दवाखान्यात होते. मला त्यातलं फारसं आठवत नाही, सलाईनची बाटली आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईचं घोरणं एवढंच. कुलदीपला सगळं आठवत होतं. ते त्यानं मला वर्षभरात एकदाही सांगितलं नव्हतं.

"डॉक्टर बोलला, चोवीस तास बघू या. अशा आवाजात बोलला ना," तो म्हणाला, "मी तुझे कपडे न्यायला घरी येत व्हतो. माळाखाली टेम्पो बंद केला आनि वर गेलो. मला पन म्हाईत न्हाय कसा गेलो."

"आनि उलट्या पिसांचाच कशाला बोललाव? साधा बोलता येत नव्हता?"

त्यानं खाली बघितलं. "तुझ्यासाठी साधा कसा बोलनार?"

आता यावर बाईमाणसानं काय बोलावं? या माणसानं लग्नाचा वाढदिवस कधी लक्षात ठेवला नाही. गजरा आण म्हटलं तर हा शेळीचा पाला आणतो. आणि हाच माणूस पावसात माळ चढून गेला आणि माझ्या जिवासाठी तालुक्यात शोधून सापडणार नाही असा कोंबडा बोलून आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसलं आणि मग पुन्हा राग आला, कारण कोंबडा झिपऱ्या होता.

दुसरा उलट्या पिसांचा शोधू, असं ठरलं. आम्ही दोघं माणगावच्या बाजारात गेलो. एका विक्रेत्यानं पाण्यात बुचकळलेला कोंबडा दाखवून सांगितलं की वाळला की पिसं उलटी होतील. दुसऱ्याकडे उलट्या पिसांचं होतं, पण ती कोंबडी होती, आणि तो म्हणाला, देवाला काय कळतंय. मुरुडला केतनचं चिकनचं दुकान आहे. त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला, त्यात उलट्या पिसांचा कोंबडा होता खरा, पण तो नाचत होता आणि मागं चायनीज गाणं वाजत होतं. हात हलवत परत आलो. भागोजीकाकांना विचारलं तर ते म्हणाले, "आता दुसरा कशाला? देवानं ह्यो बघितलाय."

मी म्हटलं असतं की देव गेला खड्ड्यात. माझ्या तोंडाला अशा गोष्टी सहज येतात. पण कुलदीपचं काहीतरी बिनसलं होतं. जेवताना मला नुसता ठसका लागला तरी तो पाणी आणायला उठायचा, आणि परत बसताना आधी कोंबड्याकडे बघायचा. एकदा मी दुपारी जरा आडवी झाले, तर यानं येऊन कपाळाला हात लावला. ग्रुपवर विज्ञानाचे मेसेज यायचे बंद झाले. तेव्हा मला कळलं की हा मनापासून घाबरलाय. नवस फेडला नाही तर म्हातारबा मला परत घेऊन जाईल, असं त्याला खरोखर वाटत होतं. कोंबडा वाचवला तर नवरा आयुष्यभर माझा ताप मोजत बसणार, आणि नवरा सुटला तर कोंबडा जाणार. कुठूनही धरलं तरी माझाच हात पोळत होता.

मंगळवार उजाडला. राखणीचा कोंबडा उपाशी ठेवायचा असतो, म्हणून कुलदीपनं झिपऱ्याला डालग्याखाली झाकला होता. सुरमई त्या डालग्यावर चढून बसली होती आणि बांबूच्या फटीतून पंजा आत घालत होती. आतून झिपऱ्या पंजाला चोच लावत होता. पोलीस शेजारी बसून सगळ्यावर लक्ष ठेवत होता, म्हणजे झोपला होता.

मी डालगं उचललं आणि झिपऱ्याला काखेत घेतला. हाताला काहीतरी लागलं. त्याच्या गळ्याखालची पिशवी लिंबाएवढी टम्म फुगलेली होती, आणि चोचीला जवळ्याचा वास. मी मागं बघितलं. सासूबाई पडवीत माझ्याकडे पाठ करून, वालांनी तिचं काही घोडं मारलं असावं अशी सोलत होती. सकाळपासून तिनं मला एकदाही तोंड दाखवलं नव्हतं. या बाईनं पहाटेच उठून देवाच्या कोंबड्याला पोटभर जेवू घातलं होतं. मरायचंच असेल तर उपाशी नको, एवढाच तिचा हिशेब असणार.

दारात भागोजीकाका आणि बाकीचे उभे होते. मी चपला घालायला लागले तसे काका म्हणाले, "बायका न्हाय येत राखणीला."

"नवस कुनाच्या जिवाचा, काका?"

"तुझ्या."

"मग जीव घरात ठेवून कोंबडा कसा न्यायचा?"

मी झिपऱ्याला काखेत घट्ट धरला आणि निघाले.

माळावर आम्ही पाचजण. काका, कुलदीप, मी, कुलदीपचा चुलतभाऊ बाबाजी, आणि अल्पेश. अल्पेश न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात कामाला आहे, राखणीसाठी सुट्टी टाकून आला होता. आमच्या नात्यात तो पुतण्या लागतो, आणि त्याचं शेत बाबाजीच्या शेताला लागून आहे. पुरुषांनी टोप, वाटलेला मसाला, कांदे-बटाटे आणि बाटली असा सगळा सरंजाम ऐनाखाली मांडला. ज्यानं नवस बोलला त्यानंच कोंबडा कापायचा असतो. कोयता कुलदीपच्या हातात होता आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

काकांनी झिपऱ्याचे पाय धुतले, डोक्याला कुंकू लावलं आणि त्याला दगडापुढं सोडला. पुढ्यात मूठभर तांदूळ टाकले. आमच्यात अशी रीत आहे की कोंबड्यानं तांदूळ टिपले तर देवानं तो घेतला. टिपले नाहीत तर देवाचं मन नाही, आणि मग कोयता चालवायचा नाही. कधी असं होत नाही. उपाशी कोंबडा तांदूळ बघून थांबतो होय?

झिपऱ्यानं तांदळाकडे बघितलं. कुलदीप दुधीच्या भाजीकडे बघतो तसं बघितलं. मग एक पंख उघडला, त्यात मान घातली आणि अंग खाजवलं.

काकांनी हाक मारून देवाला सांगितलं, पुन्हा दाणे टाकले. झिपऱ्या दाण्यांवरून चालत काकांच्या पायाशी गेला आणि त्यांच्या पायावर बसला. बाबाजीला हसू आलं, ते त्यानं खोकून टाकलं.

तिसऱ्यांदा दाणे टाकले. काही नाही. आता कुणी खोकलंसुद्धा नाही.

"देव अडून बसलाय," काका म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "कुनाच्या हातून काय चुकलं असंल तर आताच बोला. मनात ठेवू नका."

मला सांगता आलं असतं की देव नाही, जवळा अडून बसलाय. पण मी ओठ मिटून घेतले.

मग बाबाजीनं टोपी काढली. "म्हातारबा, मी बांध सरकवला. अल्पेशच्या बाजूला. वीतभर. जास्त न्हाय."

"वीतभर?" अल्पेश उठला. "हात दीड हात आत आलास तू! मी मोजलाय!"

"म्हातारबापुढं भांडू नका रे. अल्पेश, तुझं काय?"

अल्पेश खाली बसला. मातीत काडीनं रेघा मारत म्हणाला, "गेल्या सालची राखण आमची होती. घरचा गावठी कोंबडा सांगितला ना मी. तो हायवेवरच्या दुकानातला होता. टाइम नव्हता हो काका, शिफ्ट होती."

"म्हनून डुकरं घुसली!" बाबाजी ओरडला. "माझं अख्खं खाचर खाल्लं! आनि हा वीतभर बांधाचं बोलतोय!"

दोघांना आवरायला कुलदीपला कोयता खाली ठेवावा लागला. आवरून झालं, सगळे बसले, आणि मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा काकांकडे वळल्या. काकांनी आधी आभाळाकडे बघितलं, मग बाटलीकडे.

"पह्यली धार देवाची असते," ते म्हणाले. "ती मी… म्हंजी म्हातारबाला पान्यानं पन चालतं असं मला वाटलं."

"किती वरसं?" बाबाजीनं विचारलं.

काकांनी बाटली टोपाआड सरकवली. याचा अर्थ बरीच वर्षं. म्हातारबा इतकी वर्षं आमची शेतं कोरड्या घशानं राखत होता तर. मला खरं म्हणजे त्याची कीव आली.

एवढं सगळं कबूल होऊनही झिपऱ्या दाण्याला शिवला नाही. तो गवतात एका नाकतोड्यामागं, पोटावर दबकत, मांजरासारखा निघाला होता.

काकांनी माझ्याकडे बघितलं. "ज्याच्या जिवाचा नवस, त्याच्या हातचे दाने घेईल. सुचे, हातावर दे त्याला."

आणि त्यांनी माझ्या तळहातावर तांदूळ ओतले.

झिपऱ्यानं माझा हात पुढं आलेला बघितला आणि नाकतोडा सोडून दिला. धावत आला. तो धावतो तेव्हा पिसं सगळीकडून उडत असतात, बघितलं की हसूच येतं. त्या दिवशी आलं नाही. पोट भरलेलं असो, नाक मुरडायची सवय असो, माझ्या हातावरचं तो खातो. पिल्लू असताना पेटीबाहेर काढून मी त्याला या हातावरच भरवायची. त्यानं मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं, चोच पुढं केली, आणि मी मूठ मिटली.

"उघड," काका म्हणाले.

"न्हाय उघडनार."

"सुचे!"

"तो खाईल काका. ह्या हातावरचं काय पन खाईल. भूक म्हनून न्हाय, हात माझा हाय म्हनून. मी न्हाय देनार." मग माझा तोल गेला आणि मी सरळ दगडाकडे तोंड केलं. "म्हातारबा, तू मला वाचवलास. उपकार झाले. पन ह्या हातांनी हे काम करून घ्यायला वाचवलास काय? तसं व्हतं तर तवाच सांगायचं, मी डॉक्टरला सलाईन काढायला सांगितली असती."

"तोंड आवर! देवाशी बोलतेस तू!"

"मग कुनाशी बोलू? नवस त्याच्याशी, तर भांडन पन त्याच्याशीच."

मी कुलदीपकडे बघत नव्हते, कारण त्याच्या चेहऱ्यावर ती दवाखान्यातली भीती दिसली असती तर मी मूठ उघडली असती. हे मला पक्कं ठाऊक होतं.

कुलदीप पुढं आला. त्यानं माझी मूठ धरली, एकेक बोट सोडवलं आणि तांदूळ स्वतःच्या हातात घेतले. मला वाटलं, झालं. पण त्यानं ते दाणे झिपऱ्यापुढं धरले नाहीत, दगडावर वाहिले.

"म्हातारबा, बोललो मी, तिला म्हाईत पन नव्हतं. ह्यो कोंबडा तुझाच, मी परत घेत न्हाय. पन जिवंत सोडतो. ते चालत नसंल तर माझ्यावर घे. तिच्यावर नको."

मला ओरडावंसं वाटलं की तुझ्यावर तरी कशाला घेईल, मी काय करू मग? मी त्याच्या शर्टाची बाही धरली आणि धरूनच राहिले.

बाटलीचं कबूल करून बसल्यामुळे काकांचा जोर ओसरला होता. त्यांनी दगडावर वाहिलेले तांदूळ बोटानं सारखे केले. "सोडलेला चालतो," शेवटी म्हणाले. "पूर्वी सोडायचे. पन एकदा सोडला की तो देवाचा. त्याला हात लावायचा न्हाय, हाक मारायची न्हाय, उचलून घरी न्यायचा न्हाय."

म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. माळावर कोल्हे आहेत. दिवस कलला की त्यांची कुई आमच्या पडवीपर्यंत ऐकू येते. साधा कोंबडा झाडावर तरी चढून बसेल. याला आयुष्यात झाडावर बसायची वेळ आली नव्हती, याचं झाड म्हणजे सोफा. कुलदीपनं त्याला दगडाशेजारी नेऊन ठेवला. मी त्याच्या डोक्यावरून एक बोट फिरवलं. काका हात काढ म्हणाले नाहीत. त्यांनी पान खाण्याच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

वाटलेल्या मसाल्यात त्या दिवशी बटाटे शिजले. बाबाजी रस्सा ढवळत काहीतरी पुटपुटत होता, पण मोठ्यानं बोलायची त्याची छाती झाली नाही. जेवणं झाली. मी काही खाल्लं नाही.

राखण देऊन उतरताना मागं वळून बघायचं नसतं. बघितलं तर दिलेलं परत मागितल्यासारखं होतं. आम्ही पायवाटेनं एकामागं एक निघालो. पुढं काका, मग बाबाजी आणि अल्पेश, मग कुलदीप, शेवटी मी. पहिल्या दहा पावलांत मी देवाला, भाऊकीला, डासांना आणि नवऱ्याला मनातल्या मनात मिळतील तेवढ्या शिव्या दिल्या. मग शिव्या संपल्या आणि नुसतं रडू आलं.

वळणावर मागं गवतात खसखस झालं.

आम्ही थांबलो तर ते थांबलं. चालायला लागलो तसं ते पुन्हा सुरू झालं. वाळलेल्या गवतावर कुणीतरी छोट्या पायांनी येत होतं. सगळ्यांनी ऐकलं. पाचांतल्या एकाचीही मान हलली नाही.

"वारा सुटलाय," काका समोर बघत म्हणाले.

वाऱ्याचा मागमूसही नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं.

"लई वारा हाय," बाबाजी म्हणाला.

"अ‍ॅपवर दाखवलेलाच," अल्पेश म्हणाला.

पुढं घसरणीची जागा आली, तिथं दगड मोठे आहेत. आम्ही उतरलो आणि मागचा आवाज अडला. वरून एकदा बारीकसं कुक् झालं. माझी मान दुखायला लागली, इतकी मी ती धरून ठेवली होती. काका, बाबाजी आणि अल्पेश चालतच राहिले. कुलदीप थांबला.

"काय झालं रे?" काकांनी पुढूनच विचारलं.

"चपलेत खडा गेलाय."

तो वाटेतच बसला, समोर भातखाचरांकडे तोंड करून. एक चप्पल काढली, उलटी करून झटकली. त्यातून काही पडलं नाही. मी त्याच्या मागं उभी होते. वर दगडावरून काहीतरी धप्पकन उतरलं आणि पुन्हा अडलं.

"येतोय का?" त्यानं हळूच विचारलं.

"येतोय," मी म्हटलं. "पन याला येळ लागंल."

त्यानं ती चप्पल पायात घातली आणि दुसऱ्या पायातली काढली.